परदेशचा परवाना आणि गांवची जमीन

नोकरीचीं वर्षें संपलीं, मुलें समुद्रापलीकडे स्थिरावलीं, आतां येथें दोघांनींच कां राहावें, हा प्रश्न खेड्यांतील सुशिक्षित कुटुंबांतही विचारला जातो. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागांतील झरी जामणी तालुका घेऊं. कापसाची काळी जमीन, कोलामांचे पोड, आणि पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण. अशा ठिकाणीं शाळेंत किंवा कचेरींत आयुष्य घालविलेल्या गृहस्थानें परदेशवास्तव्याचा परवाना, म्हणजे व्हिसा, मागावयाचें ठरविलें तर त्यास काय काय करावें लागेल, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

केवळ निवृत्त म्हणून येऊं देणारे देश थोडे आहेत. ब्रिटननें असा परवाना २००८ सालीं बंद केला, ऑस्ट्रेलियानें २०१८ सालीं. थायलंड ५० वर्षांवरील मनुष्यास राहूं देतो. पण बँकेंत ८ लाख बाट ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाट प्राप्ति दाखवावी लागते. ही ठेव आपल्या चलनांत वीस लाखांच्या घरांत जाते. शिवाय परवाना वर्षावर्षानें वाढवून घ्यावयाचा, दर ९० दिवसांनीं आपला ठावठिकाणा कळवावयाचा, आणि नोकरी करावयाची नाहीं. कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ निराळा. तो आईबापांसाठीं व आजीआजोबांसाठीं असून मुलाची अगर नातवाची मिळकत तेथील सरकार तपासतें, व किमान १ लाख डॉलरांचा आजारपणाचा विमा मागतें. २०२२ पासून एका खेपेस पांच वर्षें राहतां येतें. तथापि पांच वर्षें राहावयास मिळालें म्हणजे तेथले रहिवासी झालों, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये.

खरी कसोटी पैशापेक्षां कागदांची. जन्माचा दाखला पूर्वीच्या पिढींतील किती जणांपाशीं असतो? मग शाळा सोडल्याचा दाखला काढा, किंवा कोतवालाच्या जुन्या नोंदवहीची नक्कल तहसिलींतून मिळवा. गृहिणीची अडचण याहून बिकट. शाळेच्या दाखल्यावर माहेरचें नांव, शिधापत्रिकेवर सासरचें, आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरेंच कांहीं तरी! ज्या बाईनें चाळीस वर्षें एका नांवानें संसार केला, तिला त्या नांवाची बाई आपणच, हें प्रतिज्ञापत्रानें सिद्ध करावें लागतें. विवाहाची नोंद त्या काळीं कोण करीत असे? आतां नोंदणीस जावें तर लग्नपत्रिका व साक्षीदार हवेत. पुरोहिताची सही हवी, आणि लग्न लावणारे भटजी केव्हांच वैकुंठवासी झालेले! म्हणून अर्जाचा विचार मनांत येतांच प्रथम पत्नीचीं कागदपत्रें एका नांवाचीं करून घ्यावींत, असें आम्हांस वाटतें. पारपत्राचें काम नागपूरच्या कार्यालयाकडे असतें. पांढरकवड्यावरून हमरस्त्यानें तेथें जातां येतें. परंतु एका अक्षराच्या चुकीसाठीं वयस्क जोडप्यानें दोनदां हेलपाटा घालावा, हें बरें नव्हे.

आतां जमिनीविषयीं. परवान्यासाठीं ठेव दाखवावयाची, म्हणून वडिलार्जित शेत विकून मोकळें व्हावें, असा सल्ला हितचिंतक सहज देतात. आमचें मत स्पष्टपणें विरुद्ध आहे. परदेशीं स्थायिक झालेल्या भारतीयास येथील शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. जवळ असलेली मात्र ठेवतां येते व वारसानें मिळते. बरें, परत येऊन घेऊं म्हटलें, तर विदर्भास लागू असलेला १९५८ चा कुळवहिवाटीचा कायदा सरकारी परवानगीवांचून बिगरशेतकऱ्यास शेत घेऊं देत नाहीं, आणि सर्व जमीन विकून बसलेल्यास आपण शेतकरी आहों हें दाखविणें सोपें नसतें. तिकडचा परवाना सालोसाल वाढवावयाचा. इकडचा सातबारा एकदां गेला कीं गेला. यास्तव पुत्राचा आग्रह असला तरी निदान एक तुकडा नांवावर राखावा, तो विश्वासू माणसास बटाईनें द्यावा, आणि बटाईचा करार तोंडी न ठेवतां लेखी करावा.

निवृत्तिवेतनाची सोयही निघण्यापूर्वीं लावावी. दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेनें तो संगणकावरून देतां येतो, पण त्यासाठीं आधारची नोंद हवी, आणि बोटांचे ठसे, डोळे अगर चेहरा यांपैकीं एक जुळावें लागतें. वृद्धांचे ठसे पुष्कळदां उमटत नाहींत. तेव्हां बँकेंत बसून एकदां तें करून पाहावें, आणि मगच तिकिटें काढावींत.