झिओलाइट : हवा निवडणारा दगड

माणसाला दिवसाला सुमारे 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. जमिनीवर हा हिशेब वारा आणि झाडे परस्पर मिटवतात. 400 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात मात्र तो रोज जुळवावा लागतो. तेथील वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर चढत नाही. पंखे बंद पडले, तर झोपलेल्या अंतराळवीराचा उच्छ्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहील. ऑक्सिजन पुरेसा असला तरी साचलेला कार्बन डायऑक्साइड आधी डोकेदुखी, मग गुंगी आणतो आणि प्रमाण फार वाढले तर जीवही घेतो.

ऑक्सिजन मिळवण्याची तेथील मुख्य रीत शाळेतल्या प्रयोगाचीच आहे: पाण्यातून वीज सोडायची. एक लिटर पाण्यातून सुमारे 890 ग्रॅम ऑक्सिजन निघतो, म्हणजे एका माणसाची दिवसाची गरज भागते. हे पाणी बरेचसे अंतराळवीरांचा घाम, उच्छ्वासातली वाफ आणि लघवी शुद्ध करून मिळते.

कार्बन डायऑक्साइड काढणे अधिक अवघड. अपोलो यानांत त्यासाठी लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे असत. भरले की ते निकामी. एप्रिल 1970 मध्ये अपोलो-13 ची ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा मुख्य यानाचे चौकोनी डबे चांद्रयानाच्या गोल खाचांत बसेनात आणि नळ्या, पुठ्ठा व चिकटपट्टी लावून अंतराळवीरांना जीव वाचवावा लागला. पुन:पुन्हा वापरता येईल असा उपाय 1973 साली स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकात आला. 1979 मध्ये जी डोक्यावर कोसळेल म्हणून गावोगाव धास्ती होती, तीच ही स्कायलॅब. तिच्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रात झिओलाइटचे दाणे भरले होते.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या पिंजऱ्यासारख्या रचनेचे खनिज. त्याची छिद्रे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही बारीक असतात. त्याला रेणूंची चाळणी म्हणतात, पण येथे आकारापेक्षा ओढ महत्त्वाची. पिंजऱ्यातले विद्युतभारित कण पाण्याची वाफ सर्वांत घट्ट धरतात, त्याखालोखाल कार्बन डायऑक्साइड, मग नायट्रोजन, आणि ऑक्सिजनला सर्वांत सैल. म्हणून अंतराळस्थानकात हवा आधी कोरडी करतात, मग झिओलाइटमधून नेतात. दाणे भरले की ते सुमारे 200 अंशांपर्यंत तापवून निर्वाताशी जोडतात. अडकलेला वायू सुटतो आणि दाणे पुन्हा कामाला तयार होतात. एक पेटी वायू धरत असते, तेव्हा दुसरी रिकामी होत असते.

या खनिजाचे घर महाराष्ट्र आहे. आपला परभणी जिल्हाही दख्खनच्या बसाल्टवर वसला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक भरले. अशा ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले, तेव्हापासून इथले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले. यंत्रात मात्र कारखान्यात बनवलेले झिओलाइट वापरतात, कारण त्यांची छिद्रे हवी तेवढी आणि एकसारखी ठेवता येतात.

झिओलाइटचा वायू निवडण्याचा हाच गुण 2021 च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्या दवाखान्यांत कामाला आला. तेजस विमानाच्या वैमानिकाला उड्डाणातच ऑक्सिजन मिळावा म्हणून डीआरडीओने तयार केलेल्या तंत्रावरून मिनिटाला 1,000 लिटर ऑक्सिजन देणारे प्रकल्प उभे राहिले. 7 ऑक्टोबर 2021 रोजी देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात असा झिओलाइटवर चालणारा प्रकल्प झाल्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. त्यात परभणीही आला. येथे दाबाखालची हवा झिओलाइटवरून जाते, नायट्रोजन अडकतो, ऑक्सिजन पुढे निघतो आणि दाब सोडला की नायट्रोजनही सुटतो. दोन टाक्या आळीपाळीने हे काम करतात. मिळणारा ऑक्सिजन 93 टक्क्यांच्या आसपास असतो. शंभर टक्के होत नाही, कारण हवेतला आर्गॉन त्याच्याबरोबरच निघून येतो. अंतराळात हा पदार्थ हवेतला नको असलेला वायू काढतो, दवाखान्यात हवा असलेला वायू वेगळा करून देतो. दोन्हीकडे तत्त्व एकच.

झिओलाइटचा खरा शत्रू ओलावा आहे. एकदा दाण्यांत पाणी शिरले की ते सहज निघत नाही आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. अंतराळस्थानकात या यंत्रांवर रोज लक्ष असते. आपल्या जिल्ह्यातले प्रकल्पही साथ नसताना अधूनमधून चालवले पाहिजेत, त्यांना येणारी हवा कोरडी ठेवली पाहिजे आणि शुद्धतेची नोंद ठेवली पाहिजे. नाहीतर गरजेच्या दिवशी यंत्र असूनही ऑक्सिजन मिळणार नाही.