वादळाच्या पोटातले वादळ



चक्रीवादळाची बातमी आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ते कुठे धडकणार? ते ठिकाण दूर असले की आपण निर्धास्त होतो. ही समजूत जिवावर बेतू शकते.

9 ऑक्टोबर 2024 रोजी अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर 'मिल्टन' चक्रीवादळ रात्री धडकले. परंतु त्याच दिवशी दुपारी, ते अजून समुद्रात असतानाच, थेट पूर्व किनाऱ्यावरील सेंट लुसी काउंटीत टॉर्नेडो उठला. हलक्या बांधणीच्या घरांच्या एका वस्तीत सहा माणसे दगावली.

टॉर्नेडो म्हणजे ढगातून हत्तीच्या सोंडेसारखा जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा. आपली उन्हाळी वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते. टॉर्नेडो मात्र गडगडाटी ढगाला जोडलेला असतो व कितीतरी पटींनी घातक असतो.

चक्रीवादळात तो कसा जन्मतो? वादळ किनाऱ्याजवळ आले की झाडे, घरे, टेकड्या यांच्या अडथळ्याने जमिनीलगतचा वारा मंदावतो. वरचा वारा जोरातच धावतो. त्यामुळे मधली हवा लाटण्यासारखी आडवी गरगरू लागते. वादळाच्या बाहेरच्या पाऊसपट्ट्यांत गडगडाटी ढग असतात. त्यांत वर चढणारी हवा हे आडवे लाटणे उचलून उभे करते. मग ते वर ताणले जाऊन जसजसे बारीक होते, तसतशी त्याची गती वाढते.

आपल्या उत्तर गोलार्धात हे बहुधा वादळाच्या वाटचालीच्या उजव्या, पुढच्या बाजूस घडते. 2004 सालच्या 'आयव्हन' वादळातून अमेरिकेत शंभरावर टॉर्नेडो निघाले. आपल्या देशातही 25 मे 2021 रोजी, 'यास' वादळ ओडिशात धडकण्याच्या आदल्या दिवशी, पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात टॉर्नेडोने घरांची पडझड केली.

असे टॉर्नेडो बहुतेक काही मिनिटेच टिकतात. पण ते पावसाआड लपतात आणि इशारा द्यायला फार थोडा वेळ मिळतो. म्हणून वादळाचे केंद्र दूर असले तरी रेडिओवरील सूचना ऐकत राहा. झाडाखाली, गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आसरा घेऊ नका. पक्क्या घरात, खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत खाली बसा आणि डोके झाका.

सरोवरात वादळ उठले तेव्हा शिष्यांनी प्रभूला हाक मारली. आपणही मारू; पण त्याआधी शेजारची म्हातारी माणसे व मुले पक्क्या छपराखाली आणू या.