असं का होतं? : पिकअपची काजळी जाते कुठे?

जुन्या डिझेल पिकअपने चढावर जोर लावला की मागे काळा लोट उठायचा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ प्रदूषण-निकषांच्या गाड्यांत तो सहसा दिसत नाही.

धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी एक गाळणी असते, डीपीएफ. तिची प्रत्येक नळी एका टोकाला बुजवलेली, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच झिरपावं लागतं. चहा खाली उतरतो, चोथा वर राहतो, तसंच. गाळणी भरत आली की गाडी जादा डिझेल खर्चून ती सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. पण त्यासाठी सलग धाव हवी. गल्लीबोळांतल्या छोट्या फेऱ्यांत भट्टी पेटते न पेटते तोच इंजिन बंद होतं! गाळणीत साचणारी इंजिन ऑइलची राख मात्र जळतच नाही, म्हणून कंपनीने सांगितलेलंच ऑइल घाला. आणि गाळणी काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. गाळणी नसली की ती काजळी मागच्या दुचाकीवरच्या पोराच्या फुप्फुसात जाते.