दौत्य आणि गृहिणीपद

उद्योगपर्वांतील कृष्णशिष्टाई आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविली. परंतु त्या प्रसंगीं स्त्रिया कोठें होत्या, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नाहीं. सिंथिया एन्लो या अमेरिकन विदुषीनें १९८९ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच प्रश्न साऱ्या आंतरराष्ट्रीय राजकारणास विचारला आहे. त्याविषयीं वाचल्यावर आम्हीं तें पर्व पुन्हां काढून पाहिलें. द्रौपदी आपलें गाऱ्हाणें सांगते, तें कृष्ण निघण्यापूर्वीं. गांधारीस सभेंत बोलावणें जातें, तें दुर्योधन रागानें उठून गेल्यावर, म्हणजे गोष्ट हाताबाहेर गेल्यावर. कौटिल्यानें परिव्राजिकेस हेरांत स्थान दिलें. पण दूताच्या प्रकरणांत स्त्री येते, ती मद्याच्या जोडीनें वर्ज्य म्हणून! गुप्त बातमी काढण्यास स्त्री चालते, उघड बोलणीं करण्यास नाहीं.

हा विचार ग्रंथांतच राहिला नाहीं. इंग्लंडांत १९४६ सालीं परराष्ट्रसेवा स्त्रियांस खुली झाली, ती लग्न होतांच सोडण्याच्या अटीवर. आपल्याकडे १९४९ सालीं चोनिरा बेलियप्पा मुथम्मा या कोडगूच्या विदुषी परीक्षा उतरून ह्या सेवेंत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री. मुलाखतीच्या वेळींच त्यांचें मन वळविण्याचा यत्न झाला, आणि विवाह केल्यास राजीनामा देईन असें त्यांच्याकडून लिहून घेण्यांत आलें. पुढें १९६१ च्या नियमांत तर तसें कलमच आलें. सेवेंतील स्त्रीनें विवाहापूर्वीं सरकारची लेखी परवानगी घ्यावी. आणि घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील अशी सरकारची खात्री झाल्यास तिला राजीनामा देण्यास सांगतां यावें. घरसंसाराच्या कारणावरून पुरुषास घरीं पाठविणारें कलम मात्र त्यांत नव्हतें.

कोणी म्हणेल, विजयालक्ष्मी पंडित यांचें काय? राजतरंगिणीचे भाषांतरकार रणजित पंडित यांच्या ह्या पत्नी, तीन मुलींच्या माता, १९४७ सालीं मॉस्कोस राजदूत झाल्या आणि १९५३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष. परंतु त्यांची नेमणूक राजकीय होती. परीक्षा देऊन येणाऱ्या मुलीस तो रस्ता नव्हता. आणि त्यांच्या अध्यक्षपदानंतर आठच वर्षांनीं वरील कलम लिहिलें गेलें, याचें आम्हांस नवल वाटतें.

त्याहून नवलाची गोष्ट एन्लोबाईंनीं दाखविली आहे. राजदूताची पत्नी वकिलातींत काय करते? मोठ्या कुटुंबांतील आमच्या वाचक भगिनींस हें सांगावयास नको. घरच्या कार्यांत रुसलेल्या आत्याबाईंस आमंत्रण कोणीं द्यावें, अबोला असलेल्या दोघां व्याह्यांचीं पानें कोठें मांडावीं, कोणास आधीं वाढावें, हें जी जाणते तीच परदेशच्या पाहुण्यांची मेजवानी निभावून नेते. वकिलातीची बोलणीं पुष्कळदां अशा पंगतींतूनच सुरू होतात. त्या श्रमांबद्दल तिला वेतन नसे. म्हणजे पुरुष विवाहित असला कीं सरकारास दोन माणसें मिळत. स्त्री विवाहित झाली कीं तिचें घर हाच तिचा दोष ठरे. ज्या गृहिणीपणावर दौत्य उभें, तोच दौत्यास अडथळा!

मुथम्माबाईंनीं विवाह केला नाहीं. १९७० सालीं त्या हंगेरींत राजदूत झाल्या; सेवेंतून त्या पदास पोंचलेली ही पहिलीच स्त्री. तरीही वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली, तेव्हां त्या सुप्रीम कोर्टांत गेल्या. निकालाआधींच सरकारनें बढती देऊन टाकली, म्हणून १९७९ च्या सप्टेंबरांत अर्ज निकालांत निघाला. परंतु न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या नियमांची चांगलीच हजेरी घेतली. कुटुंबाचा भार स्त्रीच्या कामाआड येतो म्हणावें, तर पुरुषाच्याही आड कां येऊं नये, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. राज्यघटनेच्या १४ व १६ व्या कलमांशीं हे नियम विसंगत असल्याचें दाखवून त्यांनीं सरकारास सर्वच नियम तपासावयास सांगितलें. विवाहाचें तें कलम गेलें. बाईंनीं तो कागद लिहून दिल्यास तोंवर तीस वर्षें झालीं होतीं.

पुढें निःशस्त्रीकरणावरील पाल्मे आयोगांत त्यांनीं काम केलें. २००१ मध्यें चोकिला अय्यर परराष्ट्रसचिव झाल्या. त्या जागीं बसलेली ती पहिली स्त्री. मुथम्माबाई २००९ च्या ऑक्टोबरांत बंगळूर येथें निवर्तल्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत निरुपमा राव त्या पदावर आल्या होत्या. त्या विवाहित, दोन मुलांच्या माता.