रंगापलीकडची ओळख : जाळीपंखी भुंगेऱ्याच्या नव्या प्रजातीचे वर्णन

लायसिडी कुळातले भुंगेरे जाळीपंखी म्हणून ओळखले जातात. बहुतेक भुंगेऱ्यांचे पुढचे पंख टणक कवचासारखे असतात. यांचे मात्र मऊ आणि चपटे असतात. पंखांवर लांबीच्या दिशेने उंच कणे उठलेले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक आडव्या रेषा असतात. ताण्याबाण्याने कापड विणावे तशी ही जाळी दिसते. जगभरात या कुळाच्या 4,000 हून अधिक प्रजातींची नोंद आहे. बहुतेकांचा रंग लाल, नारिंगी किंवा पिवळा आणि त्यावर काळा असतो. या भुंगेऱ्यांच्या अंगात उग्र वासाची, वाईट चवीची रसायने असतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला पुन्हा सहसा जात नाही. त्यामुळे एकाच जंगलातल्या अनेक जाळीपंखी प्रजाती सारख्याच रंगाच्या झाल्या आहेत, आणि काही लांबशिंगी भुंगेरे व पतंगही तोच वेष घेतात. नवी प्रजाती ठरवताना रंगावर सर्वांत कमी विसंबायचे, ते यामुळेच.

असे भुंगेरे कुठे शोधायचे, यासाठी भिवंडीचे उदाहरण घेऊ. भिवंडी यंत्रमागांचे शहर म्हणून प्रसिद्ध असले, तरी तालुक्याच्या पश्चिमेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत आणि उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीजवळून तानसा नदी वाहते. साग, ऐन, मोह अशा पानझडी झाडांच्या या जंगलात पडलेले, कुजणारे लाकूड मुबलक असते. जाळीपंखी भुंगेऱ्यांच्या अळ्या अशा लाकडात आणि सालीखाली वाढतात व तिथला द्रवरूप आहार शोषतात. प्रौढ अवस्था अल्पकाळाची असते, म्हणून योग्य हंगाम साधावा लागतो. अभयारण्यात नमुने गोळा करायचे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी लागते.

प्रौढ भुंगेरे पानांवर उघड बसतात आणि संथ उडतात. ते हातजाळीने किंवा फांदीखाली पांढरे कापड धरून, फांदी झटकून गोळा करता येतात. दीर्घकाळ नमुने मिळवण्यासाठी रेने मलेझ या स्वीडिश कीटकतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा, तंबूच्या आकाराचा जाळीचा सापळा लावतात. डीएनए तपासायचा असेल तर नमुना तीव्र इथेनॉलमध्ये ठेवतात. ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी प्रत्येक नमुन्यासोबत राहते. ती हरवली तर नमुन्याचे शास्त्रीय मोल जवळपास संपते.

प्रयोगशाळेत मोठा भुंगेरा उजव्या पुढच्या पंखातून कीटकसुईला टोचतात. लहान असेल तर कागदाच्या त्रिकोणी टोकाला चिकटवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली वंश ठरतो. डोके चोचीसारखे पुढे निघाले आहे का, शृंगिका करवती आहेत की कंगव्यासारख्या, छातीवरची ढाल कण्यांनी किती खणांत विभागली आहे, प्रत्येक पंखावर उभे कणे किती, हे पाहतात. लायकोस्टोमस या वंशाचे डोके चोचीसारखे लांबट असते. कॉटिरेस आणि झायलोबेनस या दोन्ही वंशांची ढाल साधारणपणे सात खणांची असते, पण कॉटिरेसच्या पंखावर नऊ उभे कणे असतात, तर झायलोबेनसच्या पंखावर चार.

वंश कळला तरी प्रजाती कळत नाही. प्लॅटेरोससारख्या वंशात बाहेरून एकसारखे दिसणारे भुंगेरे नराच्या जननांगावरूनच वेगळे ओळखता येतात. त्यासाठी पोटाचे टोक मऊ करून अलगद काढतात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. स्नायू विरघळतात, कठीण भाग उरतात. ते ग्लिसरीनमध्ये ठेवून वरून, बाजूने आणि खालून रेखाटतात. जननांगाच्या मधल्या दांड्याची वळणे आणि टोकाचा आकार हा इथला मुख्य पुरावा असतो. काम झाल्यावर हे भाग छोट्या कुपीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या सुईला लावतात.

मादीच्या बाबतीत अडचण वेगळी असते. काही जाळीपंखी वंशांत मादी आयुष्यभर अळीसारखीच राहते आणि तिला पंख फुटत नाहीत, त्यामुळे नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत हे नुसते पाहून कळत नाही. अशा वेळी डीएनएची जुळणी उपयोगी पडते. त्यासाठी सहसा पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या एका जनुकाचा सुमारे 658 अक्षरी तुकडा वाचला जातो.

यानंतर जुन्या वर्णनांशी ताळा घेतला जातो. सी. ओ. वॉटरहाउस यांचा 1879 चा ब्रिटिश म्युझियममधील नमुन्यांवरचा ग्रंथ आणि रिचर्ड क्लाइने यांची 1933 ची सूची चाळावीच लागते. जुनी वर्णने बरीचशी रंगावर बेतलेली आणि त्रोटक आहेत. म्हणून युरोपातील संग्रहालयांत ठेवलेले मूळ नमुने किंवा त्यांची छायाचित्रे पाहिल्याशिवाय नवेपणाची खात्री देता येत नाही.

नाव देण्याचे नियम प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. 1999 नंतरच्या नव्या प्रजातीसाठी सहसा एक होलोटाइप, म्हणजे नावाला कायमचा बांधलेला नमुना, स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात राहील हे लिहावे लागते. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्याचे कलम 39 अशा शोधाची माहिती देणे व नमुना अधिकृत भांडारात जमा करणे बंधनकारक करते. प्राण्यांसाठी असे एक भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. नाव गुणावरून, ठिकाणावरून किंवा व्यक्तीवरून देता येते. ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये हुतात्मा पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्यावरून ‘इसियस तुकारामी’ हे नाव मिळाले.

प्रकाशित वर्णनाचा क्रम साधारण ठरलेला असतो : नाव, तपासलेले नमुने, जवळच्या प्रजातींपासूनचे वेगळेपण, डोक्यापासून पोटापर्यंतचे वर्णन, मापे, आढळ आणि नावाची व्युत्पत्ती. लेख केवळ ऑनलाइन असेल तर तो झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदवलेला असावा लागतो. रंगही वर्णनात येतो, पण त्यात नमुन्यागणिक होणारा फरक सांगून. प्रजाती वेगळी ठरते ती कणे, खण आणि जननांग यांच्या आधारे. पुढे अधिक नमुने मिळाल्यावर ती जुन्याच प्रजातीचे रूप निघाली, तर नवे नाव समानार्थी ठरून बाजूला पडते. हा निर्णय पुन्हा तपासता यावा, यासाठीच होलोटाइप जपून ठेवलेला असतो.