पडदा, वाद्यवृंद आणि शहर

संगीताला वर्ण नसतो, असे आपण सहजपणे म्हणतो. स्वर कानाने ऐकायचा असतो, डोळ्यांनी नव्हे. तेव्हा वाजवणाऱ्याच्या कातडीचा रंग कोणता, हा प्रश्न रसिकाच्या दृष्टीने गैरलागूच ठरावा. हे तत्त्व इतके निर्विवाद वाटते की त्याची कसोटी पाहण्याची आवश्यकताही कोणाला भासत नाही. अमेरिकेतील सिंफनी-वाद्यवृंदांनी मात्र ते अक्षरशः आचरणात आणून पाहिले. वादकाची निवड करताना परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्ये त्यांनी खराखुरा पडदा उभा केला. त्या पडद्याने काय साधले व काय साधले नाही, ही हकिकत कलेतील समतेचा विचार करणाऱ्यांना उद्बोधक वाटेल, आणि काहीशी अस्वस्थही करील.

आपल्या अभिजात संगीतात या व्यवस्थेला तंतोतंत समांतर असे काही नाही. गुरूने शिष्याला मैफलीत मागे बसवून घ्यावे आणि पुढे श्रोत्यांनी त्याची पारख करावी, ही आपली रीत. आकाशवाणीने १९५० नंतरच्या दशकात कलावंतांची ध्वनिपरीक्षा सुरू केली, तेव्हा अनेक नामवंतांना तो अपमान वाटला, हे जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे तसे नाही. तेथे शंभराच्या आसपास कायम वादक असतात. एखादी जागा रिकामी झाली की परीक्षा होते, आणि ज्याला ती जागा मिळते तो पुढची तीस-चाळीस वर्षे तेथेच बसतो. पूर्वी ही निवड बहुतांशी संगीत-दिग्दर्शकाच्या मर्जीवर आणि मोजक्या नामांकित शिक्षकांच्या शिफारशीवर चाले. १९७०च्या सुमारास पडद्याचा प्रघात वाढू लागला. उमेदवाराला नाव नाही, केवळ क्रमांक. त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. पावलांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून रंगमंचावर गालिचा अंथरायचा.

या पडद्याचे श्रेय त्याला अवश्य द्यावयास हवे. अमेरिकेतील पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचहूनही कमी होते. १९९७पर्यंत ते पंचवीसवर गेले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये तर २०२२ साली स्त्रिया ४५ व पुरुष ४४ अशी गणना झाली. या वाढीत पडद्याचा वाटा नेमका किती, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण काही वाटा निश्चित आहे.

कृष्णवर्णीय वादकांची कथा वेगळी आहे. एकल गायक म्हणून त्यांना मान्यता मिळाली नव्हती असे नाही. मेरियन अँडरसन या थोर गायिकेला १९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाऊ दिले गेले नाही, म्हणून ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५,००० श्रोत्यांपुढे गायिली. १९५५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिला प्रवेश मिळाला. आणि १९५७ साली अमेरिकन सरकारनेच तिला सदिच्छा-दौऱ्यावर भारतात पाठवले. ती आपल्याकडे अमेरिकेची प्रतिनिधी म्हणून गात होती, त्या वेळी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये एकही कृष्णवर्णीय कायम वादक नव्हता. यात विसंगती दिसते. पण तिला एक तर्क आहे. एकल कलावंत हा एका संध्याकाळचा पाहुणा असतो. त्याचा सत्कार करणे सोपे. वाद्यवृंदातला वादक हा घरातला माणूस. त्याच्याबरोबर एका घडवंचीवरची स्वरलिपी वाचायची, प्रवास करायचा, पंक्तीला बसायचे. पाहुण्याला ओटीवर मानाने बसवणारे घर त्यालाच माजघरात येऊ देईल असे नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

फिलहार्मोनिकने पहिला कृष्णवर्णीय वादक घेतला तो १९६२ साली, सॅनफर्ड ॲलन हा व्हायोलिनवादक. १९६९ साली तोच एकटा होता. त्या वर्षी डबलबेसवादक आर्ट डेव्हिस आणि चेलोवादक अर्ल मॅडिसन या दोघांनी आपल्याला वर्णामुळे डावलले गेले अशी तक्रार न्यूयॉर्कच्या मानवी हक्क आयोगापुढे नेली. निवड पडद्याआडून व्हावी असा त्यांचा आग्रह होता. आयोगाचा निर्णय लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. कायम जागांच्या बाबतीत या दोघांवर अन्याय झाल्याचे त्याने मान्य केले नाही. मात्र बदली आणि जादा वादक घेताना वाद्यवृंद भेदभाव करतो, असे त्याने ठरवले. बदली वादकांची परीक्षा होत नसते. कोणी आजारी पडला की ओळखीच्या माणसाला निरोप जातो. आणि ओळखी ज्यांच्यात असतात त्यांच्यातच राहतात. अशा बदलीच्या कामातूनच तरुण वादक वाद्यवृंदाच्या अंगवळणी पडतो. म्हणजे खरा अडसर परीक्षेच्या अलीकडच्या उंबरठ्यावर होता. २०२० सालीही त्या १०६ वादकांत कृष्णवर्णीय एकच होता: क्लॅरिनेटवादक अँथनी मॅकगिल.

पडदा जे पाहू देत नाही त्यापेक्षा जे त्याच्या अलीकडे घडून गेलेले असते ते मोठे आहे. सहाव्या-सातव्या वर्षी हातात व्हायोलिन, खाजगी शिकवणी, संगीतविद्यालयातली महागडी वर्षे, मोलाचे वाद्य, आणि मग एका जागेसाठी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वखर्चाने केलेले प्रवास: एवढे ज्याला परवडले तोच पडद्यामागे येऊन उभा राहतो. शिवाय कित्येक वाद्यवृंदांत अंतिम फेरीत पडदा काढला जातो. आणि निवड झाल्यावरही उमेदवारीचा काळ असतोच, त्यात सहकारी त्याला पाहतात, पारखतात.

या सर्व प्रश्नाचा सर्वांत तीव्र आविष्कार डेट्रॉइट शहरात झाला. तेथील ऑर्केस्ट्रा हॉल १९१९ साली बांधला गेला. १९३९ साली वाद्यवृंद तो सोडून गेला, आणि १९४१ ते १९५१ या काळात त्याच वास्तूत ‘पॅराडाइज थिएटर’ या नावाने कृष्णवर्णीय जॅझ कलावंतांच्या मैफली रंगल्या. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बिली हॉलिडे तेथे येऊन गेले. पुढे ती वास्तू ओस पडली. १९७० साली ती पाडण्याचे घाटत असता वाद्यवृंदातल्याच एका बासूनवादकाच्या पुढाकाराने ती वाचली. १९८९ साली वाद्यवृंद तेथे परत आला. तोपर्यंत शहरातील बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय झाले होते. वाद्यवृंदात मात्र असा वादक एकच होता. त्याच वर्षी मिशिगन विधिमंडळाच्या दोन कृष्णवर्णीय सदस्यांनी बजावले की, ही स्थिती बदलली नाही तर सुमारे १३ लाख डॉलरचे सरकारी अनुदान थांबवू. घाईघाईने रिचर्ड रॉबिन्सन या बेसवादकाला परीक्षेवाचून कायम जागा देण्यात आली. इतरांप्रमाणे परीक्षा देऊन ती मिळाली असती तर आपल्याला अधिक बरे वाटले असते, असे स्वतः त्यानेच सांगितले.

टीकाकारांनी या प्रसंगाकडे गुणवत्तेवरील आक्रमण म्हणून पाहिले. मला ते अपुरे वाटते. आमदारांचा मार्ग उर्मट होता, आणि त्याची किंमत एका चांगल्या वादकाला चुकवावी लागली, हे खरे. परंतु त्यांचा प्रश्न रास्त होता: ज्या शहराच्या करातून हा वाद्यवृंद चालतो, त्या शहराशी त्याचे नाते काय? पडदा परीक्षकाला निःपक्षपाती करू शकतो. या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

कार्यक्रमाच्या निवडीलाही हाच प्रश्न लागू पडतो. १८९२ साली न्यूयॉर्कला आलेल्या द्वोर्झाकने अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया निग्रो गीतांत आहे असे प्रतिपादले होते. विल्यम ग्रँट स्टिलची सिंफनी १९३१ साली, तर फ्लॉरेन्स प्राइसची १९३३ साली वाजली. पुढे प्राइसची हस्तलिखिते इलिनॉयमधील एका पडक्या घरात २००९ साली सापडावीत, यावरून मधल्या काळातील विस्मृतीची कल्पना येईल. जे संगीत वाजतच नाही, त्याच्यासाठी कोणत्या परीक्षकाने पडदा धरावा?

डेट्रॉइटने पुढे दोन गोष्टी केल्या. १९९० साली कृष्णवर्णीय तरुण वादकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. त्यांनी वाद्यवृंदात बसून वाजवायचे, अनुभव घ्यायचा, आणि मग कोठेही जाऊन पडद्याआडची परीक्षा द्यायची. आणि २०१०-११च्या सहा महिन्यांच्या संपानंतर उपनगरांतून, प्रार्थनामंदिरांतून जाऊन वाजवण्यास आरंभ केला. देशभराचे आकडे मात्र हळू हलतात. २०१४ साली अमेरिकन वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय शेकडा १.८ होते, २०२३च्या पाहणीत ते २.४ भरले. २०२० साली एका प्रमुख संगीतसमीक्षकाने पडदाच काढून टाकावा अशी सूचना केली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत काही कृष्णवर्णीय वादकही होते. ज्या पडद्यासाठी डेव्हिस आणि मॅडिसन भांडले, तो त्यांना सोडावयाचा नव्हता. त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट त्यांना हवी होती.