कमी पैशांत बॅडमिंटनची रॅकेट : घेणाऱ्याने काय पाहावे, विकणाऱ्याने काय सांगावे

थंडी सुरू झाली की मोहल्ल्या-मोहल्ल्यांत दोन खांबांना जाळी बांधली जाते, वर एक मोठा दिवा लागतो आणि बॅडमिंटन सुरू होते. रमजानच्या रात्री तरावीहनंतरही अनेक ठिकाणी तरुणांचा हाच खेळ चालतो. मैदान लागत नाही, माणसे फार लागत नाहीत आणि तासाभरात अंगाला घाम येतो. दिवसभर यंत्रमागापाशी, शिलाई मशीनवर किंवा गाळ्यात बसून काढणाऱ्यासाठी हा उत्तम व्यायाम आहे. हा खेळ आपल्याला परकाही नाही. त्याचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत ठरले आणि काही काळ हा खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जात होता. सय्यद मोदी या खेळाडूने १९८० ते १९८७ अशी सलग आठ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद राखले, हेही आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल.

परंतु रॅकेट घेताना सामान्य माणूस दोन प्रकारे फसतो. एक तर तो चारपाचशे रुपयांची जोडी घेतो आणि दोन महिन्यांत ती मोडते किंवा ढिली पडते. नाही तर मोठ्या खेळाडूच्या नावाला भुलून चारपाच हजारांची रॅकेट घेतो, ती त्याच्या हाताला मानवत नाही आणि मनगट दुखू लागते. दोन्हीकडे कष्टाचा पैसा वाया जातो. दोन हजार रुपयांच्या आसपास बेत असेल तर काय पाहावे, आणि आपल्या दुकानदार बांधवांनी गिऱ्हाइकाला काय सांगावे, याचा विचार येथे केला आहे.

रॅकेट कशाची आहे?

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचा माल येतो. पहिला प्रकार लोखंडी दांडी व ॲल्युमिनियमच्या चौकटीचा. यात चौकट आणि दांडी जोडणारा ‘टी’ आकाराचा तुकडा बाहेरून दिसतो. ही रॅकेट जड असते, जोडावर सैल होते आणि आपटली की चौकट वाकते. लहान मुलांच्या अंगणातल्या खेळासाठी ती चालेल. दुसरा प्रकार ॲल्युमिनियमची चौकट आणि ग्रॅफाइटची दांडी असा मिश्र. हिचे वजन थोडे कमी, पण चौकट मऊच, त्यामुळे जाळी जास्त ताणता येत नाही. तिसरा प्रकार संपूर्ण ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनच्या तंतूंचे थर राळेत बसवून, साच्यात तापवून केलेला. ही रॅकेट हलकी आणि ताठ असते व जाळीचा ताण सोसते.

आठवड्यातून दोनतीनदा खेळणाऱ्याने तिसराच प्रकार घ्यावा. पूर्वी तो महाग होता. आता हजार ते दोन हजार रुपयांत नामांकित कंपन्यांच्या संपूर्ण ग्रॅफाइटच्या साध्या रॅकेट मिळतात. पाचशेच्या तीन रॅकेट मोडण्यापेक्षा पंधराशेची एक नीट वापरणे केव्हाही स्वस्त पडते. मात्र एक लक्षात ठेवावे. ॲल्युमिनियम आपटले तर वाकते, ग्रॅफाइट तडकते. म्हणून दोघांच्या जोडीने खेळताना रॅकेटवर रॅकेट आदळू न देणे ही पहिली काटकसर.

वजनाची खूण

चांगल्या रॅकेटवर, मुठीच्या वरच्या टोपणाजवळ बारीक अक्षरांत ‘३ यू’, ‘४ यू’ अशी खूण असते. ती वजनाची असते. ‘३ यू’ म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ‘४ यू’ म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम आणि ‘५ यू’ म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. आकडा वाढला की वजन घटते. काही कंपन्या वेगळी अक्षरे वापरतात, तेथे ग्रॅम विचारून घ्यावेत. नवशिक्याने व हौशी खेळाडूने ‘४ यू’ घ्यावी. लहान मुले आणि ज्यांचा खांदा दुखतो त्यांनी ‘५ यू’ पाहावी.

पाच ग्रॅमने असा काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. पण रॅकेट हातात लांब धरायची असते आणि तासाभरात शेकडो वेळा फिरवायची असते. टोकाकडचे थोडे वजनही मनगटाला मोठे लागते. जरीकाम करणारा, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा यांचे मनगट आणि बोटे हेच त्यांचे भांडवल आहे. त्यांनी तर हलकी रॅकेटच घ्यावी. खेळापायी हात दुखावून आठ दिवस काम बंद राहिले तर रॅकेटच्या किमतीपेक्षा जास्त रोजी बुडेल.

तोल कसा पाहावा?

वजन सारखे असूनही दोन रॅकेट हाताला वेगळ्या लागतात, कारण तोल वेगळा असतो. रॅकेट आडवी करून एका बोटावर तोलून पाहावी. मुठीच्या टोकापासून साधारण २९ सेंटीमीटरच्या आसपास ती स्थिर राहिली तर तोल मध्यम आहे. बोट त्याहून बरेच वर, डोक्याकडे न्यावे लागले तर रॅकेट डोक्याकडे जड आहे. अशा रॅकेटने जोरदार फटका बसतो, पण ती हळू फिरते आणि हात लवकर थकतो. बोट मुठीकडे आले तर ती डोक्याकडे हलकी आहे. ती झटपट फिरते, जाळीजवळच्या खेळाला व बचावाला बरी पडते. पहिली रॅकेट मध्यम तोलाची घ्यावी. दोन रॅकेट एकाच वेळी तोलून पाहिल्या तर फरक ताबडतोब कळतो.

दांडी : ताठ की लवचिक?

फटका मारताना दांडी किंचित मागे वाकते आणि सरळ होताना फुलाला वेग देते. ज्याचा हात फार वेगाने फिरतो त्याच्या हातात लवचिक दांडी वेळेवर सरळ होत नाही, म्हणून पट्टीचे खेळाडू ताठ दांडी घेतात. सामान्य खेळाडूचा हात तेवढा वेगाने फिरत नाही. तो ताठ दांडीला वाकवूच शकत नाही. मग सगळा जोर खांद्यातून लावावा लागतो. म्हणून हौशी माणसाला लवचिक किंवा मध्यम दांडीच योग्य. महागडी रॅकेट बहुधा ताठ असते. ती महाग आहे म्हणून आपल्यालाही चांगली, असा अर्थ काढू नये.

मूठ

मुठीच्या जाडीसाठी ‘जी ४’, ‘जी ५’, ‘जी ६’ अशा खुणा असतात. योनेक्ससारख्या कंपनीत आकडा वाढला की मूठ बारीक होते. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यात थोडी फट राहावी. शंका असेल तर बारीक मूठ घ्यावी. बारीक मूठ वरून पट्टी गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ बारीक करता येत नाही.

गटिंग : खरा खेळ जाळीचा

रॅकेट कितीही चांगली असली तरी जाळी ढिली असेल तर खेळ होत नाही. स्वस्त रॅकेटला कारखान्यातून घातलेली जाळी बहुधा साध्या नायलॉनची आणि कमी ताणाची असते. म्हणून खर्चाचा बेत करतानाच गटिंगचे पैसे वेगळे काढावेत.

ताण पौंडांत मोजतात. अनेकांचा समज असा की जाळी जितकी घट्ट, तितका फटका जोरदार. खरी गोष्ट उलट आहे. मध्यम ताणाची जाळी फुलाला उसळी देते. घट्ट जाळीत उसळी कमी होते, नेमकेपणा वाढतो, पण फूल जाळीच्या बरोबर मध्यावर लागावे लागते. नवख्याचे फूल मध्यावर लागत नाही, त्यामुळे हाताला झटका बसतो आणि दोराही लवकर तुटतो. हौशी खेळाडूला २० ते २३ पौंड पुरे. रॅकेटवर कंपनीने ताणाची मर्यादा छापलेली असते, तिच्या वर जाऊ नये. दोरा ०.७० मिलिमीटर जाडीचा घ्यावा, ०.६५ च्या आसपासचा बारीक दोरा उसळी चांगली देतो, पण टिकत नाही.

एक दोरा तुटला की खेळ थांबवावा आणि मध्यापासून बाहेरच्या बाजूला क्रमाक्रमाने सर्व दोरे कापून टाकावेत. एकीकडे ताण आणि दुसरीकडे ढील असली की ग्रॅफाइटची चौकट हळूहळू पिळवटते. रॅकेट उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीतही ठेवू नये.

दुकानात पाहावयाच्या गोष्टी

१) रॅकेट डोळ्यासमोर धरून दांडी आणि चौकट एका रेषेत आहेत का ते पाहावे.
२) दांडी ज्या ठिकाणी मुठीत शिरते, तेथे हलकेच पिळून पाहावे. किंचितही फिरत असेल तर घेऊ नये.
३) चौकटीच्या छिद्रांतील प्लास्टिकच्या नळ्या पूर्ण आहेत का ते पाहावे. त्या फुटलेल्या असतील तर नवा दोरा कडेला घासून तुटेल.
४) रंगाखाली केसासारखी तडा आहे का, ते उजेडात पाहावे.
५) वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, माल कोणत्या देशाचा आणि कमाल किंमत छापलेली असावी. कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. वर वेगळा कर मागितल्यास देऊ नये.
६) पक्की पावती घ्यावी. पावतीशिवाय तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

नामांकित कंपन्यांच्या नकली रॅकेट बाजारात फार आहेत. सात-आठ हजारांची रॅकेट कोणी हजारात देत असेल तर ती अस्सल नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दांडीवर कोरलेला क्रमांक, अधिकृत वितरकाची खूण आणि अक्षरांची सफाई पाहावी. नकली चॅम्पियन रॅकेटपेक्षा अस्सल साधी रॅकेट बरी.

दोन हजारांचा हिशेब

समजा खिशात दोन हजार रुपये आहेत. त्यातील तेराशे-चौदाशे रुपये रॅकेटला, साडेतीनशे-चारशे चांगल्या दोऱ्यासह गटिंगला, आणि उरलेले मुठीची पट्टी व फुलांना ठेवावेत. सगळेच पैसे रॅकेटवर घालून कारखान्याच्या जाळीवर खेळणे शहाणपणाचे नाही. फुलांचा खर्च तर पुढे रोजचा आहे. पिसांचे फूल सोळा पिसांचे असते व लवकर मोडते. हौशी खेळाला नायलॉनचे फूल परवडते. नायलॉनच्या फुलावर हिरवी पट्टी म्हणजे हळू, निळी मध्यम आणि लाल वेगवान. उष्ण हवेत फूल जास्त लांब जाते, म्हणून उन्हाळ्यात हिरवी किंवा निळी घ्यावी.

दुकानदार बांधवांसाठी

खेळसाहित्याचा हा धंदा कारागिरांच्या हातांनीच उभा राहिला आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधर आणि मेरठ येथे तो वाढवला. बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया भागात पिसांची फुले घरोघर तयार होतात. ग्रॅफाइटच्या रॅकेट मात्र मोठ्या प्रमाणात चीन व तैवानमधून येतात.

लहान दुकानदाराने वीस प्रकारच्या रॅकेट भरून भांडवल अडकवू नये. मुलांसाठी एक, मिश्र एक आणि संपूर्ण ग्रॅफाइटच्या ‘४ यू’ वजनाच्या दोनतीन, एवढे प्रकार पुरतात. रॅकेट एकदाच विकली जाते. फुले, पट्ट्या आणि गटिंग यांसाठी तेच गिऱ्हाईक वर्षभर येत राहते.

म्हणून नफ्याची खरी जागा गटिंगमध्ये आहे. एका रॅकेटला साधारण १० मीटर दोरा लागतो, म्हणजे २०० मीटरच्या रिळात वीस रॅकेट होतात. रीळ पडलेल्या भावाला वीसने भागले की एका रॅकेटच्या दोऱ्याचा खर्च कळतो. वर जे राहते ती मजुरी. वजन खाली येऊन ताण देणारे हातयंत्र विजेवरच्या यंत्रापेक्षा बरेच स्वस्त असते व शिकायलाही सोपे. ज्याने मागावर ताणा-बाणा पाहिला आहे, त्याच्या हाताला उभे-आडवे दोरे ओवणे लवकर जमते. व्याजी कर्ज काढून यंत्र घेण्याऐवजी दोघा-तिघांनी भागीदारीत घ्यावे. आसपास शाळा किंवा बॅडमिंटनचा हॉल असेल तरच यात पडावे. प्रथम जुन्या रॅकेटवर हात बसवावा. गिऱ्हाइकाची चौकट आपल्या हातून तडकली तर भरपाई आपण दिली पाहिजे, हेही आधीच ठरवून ठेवावे.

शेवटची गोष्ट मालाच्या दोषाची. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल आढळली, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले व फसवणुकीपासून सक्त ताकीद दिली, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. रॅकेटच्या दुकानात ही ओल म्हणजे रंगाखालची तडा, जुना कडक झालेला दोरा आणि अस्सल म्हणून खपवलेली नक्कल. बाप आपल्या मुलासाठी महिन्याच्या पगारातून रॅकेट घ्यायला येतो तेव्हा त्याला ‘यू’ आणि ‘जी’ कळत नाही. तो दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. ‘ही तुमच्या मुलाला जड होईल, ही स्वस्तातली घ्या’ असे सांगणाऱ्याचा आज शंभर-दोनशे रुपये नफा कमी होईल. पण तो मुलगा वर्षभर फुले आणि गटिंगसाठी त्याच दुकानात येईल, आणि येताना आपल्या मित्रांनाही आणील. बरकत म्हणतात ती हीच.